घरातल्या फोनचं आतलं कुलूप

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते मोबाईलमधल्या ॲपला कुलूप लावण्याबद्दल. फोनचं कुलूप तुम्ही लावलेलंच असणार. कुणाचा पिन असतो, कुणाचं बोट. पण ते कुलूप बाहेरच्या माणसासाठी. घरात आपण स्वतःच फोन उघडतो आणि दुसऱ्याच्या हातात देतो. मग आतलं सगळंच उघडं! म्हणून म्हणतो, फोनचं कुलूप वेगळं आणि ॲपचं कुलूप वेगळं.

माझ्या आत्याकडे काय झालं ते ऐका. आत्या सांगली जिल्ह्यात राहते, हळदीच्या पट्ट्यात. गावातल्या महिला बचत गटाची ती सचिव. घरात धड चालणारा फोन एकच, आत्याचा. सकाळी त्यावर तिच्या सासऱ्यांचा हरिपाठ लागतो. दुपारी सून ब्लाउजच्या कटिंगचे व्हिडिओ बघते. आणि संध्याकाळी फोन जातो नातवाकडे, कार्टूनला. नातू पाच वर्षांचा.

तर एका संध्याकाळी आत्या भाकरी थापत होती, सून शेजारी बसून कांदा चिरत होती आणि नातू पाटावर फोन घेऊन. बोलता बोलता विषय निघाला गटातल्या एका बाईच्या थकलेल्या हप्त्यांचा. आत्या म्हणाली, "अगं, तीन हप्ते झाले. विचारलं की पुढच्या महिन्यात म्हणती. आणि जत्रेत बघितलंस न्हवं, नवी कोरी साडी!" सून म्हणाली, "जाऊ द्या आत्याबाई, असंल काहीतरी अडचण." आत्या म्हणाली, "अडचण आपल्यालाच न्हाई होय?"

तेवढ्यात कार्टून संपलं होतं. पोराचा अंगठा फिरत फिरत व्हॉट्सॲपवर गेला, तिथून सगळ्यात वर असलेल्या बचत गटाच्या ग्रुपवर, आणि तिथून माइकच्या खुणेवर. खूण दाबून धरली की आकडे पळतात, ते त्याला आवडलं. त्यानं धरून ठेवलं, मग सोडलं. आत्याचं बोलणं, मागं भाकरी थापल्याचा थपथप आवाज, सगळं ग्रुपवरच्या बायकांच्या फोनमध्ये जाऊन पडलं.

जेवणं झाल्यावर एका मैत्रिणीचा फोन आला तेव्हा आत्याला कळलं. सुनेनं लगेच तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. पण ऐकणाऱ्यांनी ऐकला होता. आणि जिच्याबद्दल बोलणं होतं, तिनंही ऐकला होता.

पुढच्या बैठकीला ती बाई आली नाही. आत्या तिच्या घरी गेली. तेव्हा कळलं, तिचा नवरा मिरजेला दवाखान्यात होता आणि हप्त्याचे पैसे औषधात गेले होते. साडी भावानं दिलेली. आत्या म्हणाली, "मला एकदा सांगायचं तरी." त्यावर ती म्हणाली, "आता काय सांगायचं? तुम्हीच सांगितलंय की सगळ्यांना."

गटानं तिला मुदत वाढवून दिली. हप्ते आता वेळेवर येतात. पण ती आत्याकडे पापड लाटायला यायची, ते थांबलं ते थांबलंच.

आता एक सांगतो. जेवायच्या वेळेला लेकराच्या हातात फोन देणं मला मुळीच पटत नाही. लेकरानं तव्यावर फुगणारी भाकरी बघावी, पीठ मळायला हात घालावा. आणि गटाचा हिशेब कसा, तर वहीत, सहीनिशी. हप्ता कुणाचा थकला ही गोष्ट वहीतून बाहेर पडायचं कारण नाही. असो.

कुलूप लावायचं कसं? त्यासाठी बाहेरचं कुठलंही ॲप उतरवून घेऊ नका. कुलूप लावून देतो म्हणणारी अशी ॲप्स फोनमधल्या भलत्याच परवानग्या मागतात. आपल्या फोनमध्येच सोय आहे. शाओमी, रिअलमी, ओप्पो, विवो, या फोनांत सेटिंग्ज उघडा, वर शोधायची जागा असते तिथं 'ॲप लॉक' असं टाका. यादी येईल. त्यात व्हॉट्सॲप, गॅलरी, पैशाची ॲप्स निवडा. सॅमसंगमध्ये 'सिक्युअर फोल्डर' बघा. आयफोनमध्ये २०२४ साली आलेल्या आयओएस १८ पासून ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरलं की फेस आयडीची, म्हणजे चेहरा दाखवूनच उघडायची, अट घालता येते.

आता ऐका, हे महत्त्वाचं. एकाच फोनवर घरातल्या तिघाचौघांची बोटं नोंदवलेली असतात. आत्याच्या फोनवर सुनेचं बोट होतं, सासऱ्यांचंही होतं. ॲपचं कुलूपही बोटानंच उघडणार असेल, तर ते त्या सगळ्यांच्या बोटांनी उघडेल. परत सांगतो, फोनमध्ये ज्यांची बोटं आहेत, त्या सगळ्यांना ॲप उघडेल. व्हॉट्सॲपचं स्वतःचं कुलूप आहे, त्याच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी'त, खालच्या बाजूला. चांगलं आहे, पण अँड्रॉइडवर तेही याच बोटांनी उघडतं. म्हणून सामायिक फोनवर ॲप लॉकला वेगळा पिन ठेवायची सोय असेल तर तोच ठेवा आणि तिथलं बोट बंद करा. पिन जन्मतारखेचा नको, घरात ती सगळ्यांना पाठ असते.

पोराला फक्त कार्टूनच दाखवायचं असेल, तर अँड्रॉइडवर 'ॲप पिनिंग' शोधा, आयफोनवर 'गाइडेड ॲक्सेस'. फोन त्या एकाच ॲपवर अडकून राहतो, पोराचा अंगठा दुसरीकडे जात नाही.

आणि शेवटचं. कुलूप परत कधी लागायचं, हेही बऱ्याच फोनांत निवडता येतं. स्क्रीन बंद झाल्यावर, थोड्या वेळानं, की ॲपमधून बाहेर पडताक्षणी. बाहेर पडताक्षणी हेच निवडा. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपमध्ये 'लगेच', '१ मिनिटानं' आणि '३० मिनिटांनी' असे पर्याय असतात. तिथं 'लगेच' हवं. कारण तुम्ही व्हॉट्सॲप बघून फोन पोराच्या हातात देता, तो नेमका त्याच मिनिटात. नमस्कार.