माडीची सागवानी जमीन

श्रोतेहो, नमस्कार.

आमचं घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. जुनं, माडीचं. माडीला आधी कडीपाट होता. वर माती आणि शेणानं सारवलेली जमीन. आजोबांनी ती माती उतरवून सागवानी फळ्या ठोकून घेतल्या आणि त्यांना व्हार्निशचा हात दिला. लहानपणी उन्हाळ्याच्या दुपारी त्या गार फळ्यांवर गाल टेकून आम्ही झोपायचो. पुढं वापरून वापरून जिन्यापासून गॅलरीच्या दारापर्यंत पावलांची एक काळपट वाट उमटली. पलंग सरकवला की मात्र त्याखाली मधासारखा पिवळा चौकोन अजून चकाकत असायचा.

शिवाजी पेठेत, गंगावेशीत अशा माड्या अजून आहेत. त्या घरांतल्या माणसांशी आज मला बोलायचंय, कारण जमीन मळली की पहिला सल्ला मिळतो, ‘मशीन लावून घासून टाका.’ मी तेच केलं होतं. भाड्यानं घासायचं मशीन आणलं. रोल फिरत असताना वायर सोडवायला क्षणभर थांबलो, तेवढ्यात एक खोलगट चर पडला. नुसतं बघून समजत नाही, पण तळहात फिरवला की बोटं खाली उतरतात आणि सकाळचं तिरपं ऊन आलं की त्यात सावली साचते. आमचे सुतारमामा आले, बसून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, “मालक, तासलेलं लाकूड परत चिकटवता येत न्हाई. आधी मला इचारायचं.”

म्हणून आधी पाण्याचा थेंब टाकून बघा. जिथं वर्दळ जास्त तिथं एक थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. थेंब मण्यासारखा तसाच उभा राहिला, तर वरचा थर शाबूत आहे. तिथं फक्त मेण आणि मळ काढायचा, 150 नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं खरवडायचं आणि नवा हात द्यायचा. थेंब मुरून लाकूड काळं पडलं, तरच खालपर्यंत घासायला घ्या. पूर्ण घासणीत मिलिमीटरभर लाकूड सहज जातं. फळीची जीभ शेजारच्या खाचेत बसवलेली असेल, तर खाचेच्या वर जेवढी जाडी उरते तेवढीच घासण्याच्या कामाची.

दुसरी गोष्ट, वर लावलंय काय ते ओळखा. पलंगाखालच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा दाबा. चिकट झालं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. त्यावर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं. साध्या चपड्यात मेण असतं. त्यावर आजचं पॉलियुरेथेन व्हार्निश नीट धरत नाही, काही दिवसांनी पापुद्रे सुटतात. एकतर चपडा पूर्ण काढा, नाहीतर पुन्हा चपडाच लावा.

कडेच्या पट्ट्यांना जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगातलं शिसं दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडं 2017 मध्ये लागू झाला. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसं असू शकतं आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर ती धूळ फार वाईट.

घासायचंच ठरलं तर आधी प्रत्येक खिळ्याचं डोकं ठोकून आत घाला. पेपर 40 किंवा 60 नंबरचा, मग 80, मग 120. नंबर गाळलात तर आधीच्या पेपरच्या रेघा राहतात आणि व्हार्निश लागलं की त्याच उठून दिसतात. हात नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनं चालवा. लोखंडी खिळ्याभोवती पाणी मुरून काळे डाग पडलेले असतात. ते ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं फिके होतात, पण ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि नंतर साध्या पाण्यानं पुसून घ्या.

फटी बघून लांबी, म्हणजे पुटी, भरायचा मोह होतो. तो आवरा. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं, लांबीत जवळपास बदलत नाही. घट्ट भरलेली फट पावसाळ्यात एकतर पुटी बाहेर ढकलते, नाहीतर फळी उचलते. मोठी फट असेल तर सागाची बारीक पट्टी एकाच बाजूला चिकटवून बसवा.

सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळं व्हार्निश सुकायला वेळ घेतं. पहिल्या हाताआधी थिनरचं फडकं फिरवा. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ द्या, म्हणजे मुरतो. डबा हलवू नका, काठीनं सावकाश ढवळा. हलवलात तर बुडबुडे येतात. दोन हातांमध्ये निदान एक दिवस जाऊ द्या आणि 220 नंबरनं अलगद पुसा. तीन हात पुरतात. त्यानंतर आठवडाभर तरी सतरंजी, गालिचा अंथरू नका.

आणि हे काम पावसाळ्यात नको. 2019 आणि 2021 साली पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माड्या कोरड्या राहिल्या असतील, पण हवेतली ओल त्यांनाही चुकली नाही. दमट हवेत चपडा पांढरा पडतो, व्हार्निश दिवसेंदिवस चिकट राहतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, खिडक्या उघड्या टाकून करा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. लाकडाला जवसाचं तेल लावत असाल, तर त्याचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना तापतं आणि फडक्याचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर मोकळं पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. ऑगस्ट 2024 मध्ये आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. जुनं लाकूड पेटलं की काय होतं, हे कोल्हापूरला वेगळं सांगायला नको.

यंदा आमच्या माडीला पुन्हा एक हात द्यायचाय. थेंब टाकून बघितला. जिन्याच्या तोंडाशी मुरला, बाकी सगळीकडं उभा राहिला. म्हणजे तेवढा चार फुटांचा तुकडा हातानं घासायचा, मशीन आणायचं नाही. सुतारमामा तुळशीच्या लग्नानंतर येतो म्हणालेत.

नमस्कार.