चालणारा सील

नमस्कार श्रोतेहो.

सील आपण निदान चित्रात तरी पाहिलेला असतो. अंग गुळगुळीत, हातपाय वल्ह्यांसारखे. पाण्यात चपळ, पण जमिनीवर आला की बिचारा पोट घासत पुढे सरकतो. या प्राण्याचे पूर्वज मात्र चार पायांवर चालायचे. ते पाण्यात उतरले कसे, याचा पुरावा फार वर्षं हाती लागत नव्हता. कॅलिफोर्नियात सापडलेला एनालिआर्क्टोस हा जुना सील, पण त्याच्याही पायांची वल्ही झालेलीच होती.

२००७ साली कॅनडाच्या अगदी उत्तरेला, निर्मनुष्य डेव्हन बेटावर, नतालिया रिबचिन्स्की यांचा गट जीवाश्म शोधत होता. वाटेत गाडीतलं इंधन संपलं. सगळे अडकून पडले आणि तिथेच जमिनीवर एक हाड दिसलं! मग आणखी हाडं निघाली, पुढच्या वर्षी कवटीचा मागचा भागही मिळाला. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याचा निम्म्याहून जास्त सांगाडा हाती आला. हे मला आजही विलक्षण वाटतं.

त्याचं नाव पुइजिला डार्विनी. इनुइट लोकांच्या भाषेत पुइजिला म्हणजे समुद्री सस्तन प्राण्याचं पिल्लू, बहुधा सीलचं. लांबी जेमतेम मीटरभर. लांब शेपूट, बळकट पाय, शरीराची ठेवण थेट पाणमांजराची. कवटी आणि दात मात्र सीलच्या वळणाचे. बोटांची हाडं किंचित चपटी आहेत, म्हणजे बोटांमध्ये पडदा असावा. वल्ही नाहीत, पण पोहायची तयारी झालेली.

आणि तो राहत होता कुठे? समुद्रात नव्हे, गोड्या पाण्याच्या तळ्यात. उल्का आदळून झालेल्या खोलगट विवरात ते तळं साचलं होतं, भोवती झाडी होती. हिवाळ्यात तळं गोठलं की भक्ष्यासाठी जमिनीवरून समुद्राकडे जावं लागत असेल, असा संशोधकांचा तर्क आहे. मला तो पटतो.

एक मात्र लक्षात ठेवायला हवं. पुइजिला आजच्या सीलचा खापरपणजोबा नव्हे. त्याच्या काळात वल्ह्यांचे सील समुद्रात पोहत होतेच. जुनी चाल सांभाळून राहिलेला तो एक भाऊबंद.

असाच दुसरा भाऊबंद युरोपातला, पोटॅमोथेरियम, म्हणजे नदीचा पशू. त्याला कित्येक वर्षं पाणमांजरांतच मोजलं गेलं. २०२३ मध्ये त्याच्या कवटीतल्या मेंदूच्या पोकळीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मिशांकडून येणाऱ्या संवेदना टिपणारा मेंदूचा भाग त्यात चांगलाच वाढलेला दिसला. आजचे सील काळोख्या पाण्यात मिशांनीच माशाचा माग काढतात. म्हणजे पायांची वल्ही होण्याआधीच, नदीच्या पाण्यात तोंड घालून हे प्राणी मिशांनी चाचपू लागले असावेत.

नमस्कार.