दोन जावा, एक ओटा

(दृश्य : ठाण्यातलं एक स्वयंपाकघर. ओट्यावर पोळ्यांचा डबा, फळीवर शेव-चिवड्याच्या बरण्या.)

या ओट्यावर माझी आई आणि काकू गेली तीस वर्षं मिळून स्वयंपाक करतात. 2018 मध्ये घरोघरी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या आहाराची चर्चा होती, तेव्हा दोघींनी वजन उतरवायला तो एकाच दिवशी सुरू केला. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचं. जेवण 55 मिनिटांत उरकायचं. मध्ये पाणी किंवा पातळ ताक, गोड काही नाही. शिवाय रोज 45 मिनिटं चालायचं.

आई त्यात रमली. "सुटले बाई," म्हणायची, "अकराला काय खाऊ, चारला काय खाऊ, हा घोर संपला." आईनं एक बिस्कीट खाल्लं की पुडा संपतो. तिला 'अजिबात नको' जमतं, 'थोडंसं' जमत नाही.

काकूचं उलट. खायचं नाही म्हटलं की दिवसभर तिच्या डोक्यात खाणंच.

(दृश्य : अंधारं स्वयंपाकघर, फ्रीजचा आवाज.)

चौथ्या आठवड्यात एका रात्री मी पाणी प्यायला उठले. काकू दिवा न लावता ओट्याशी उभी होती. चिवड्याची बरणी काखेत, आणि झाकण वाजू नये म्हणून त्यावर पदर धरलेला. "कुणाला सांगू नकोस गं," एवढंच म्हणाली. तिचा मनावर ताबा नाही, असं आम्ही सगळे तिच्या तोंडावर म्हणत होतो. त्याची मला आजही खंत वाटते.

1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ते तरुण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटल्या चाटून पुसून खायचे. धडधाकट माणसांचं हे झालं, तर काकूला दोष कसा द्यायचा?

2005 साली बॉस्टनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 160 जणांना चार वेगवेगळे आहार वाटून दिले होते. वर्षानंतर किती वजन उतरलं, यात चारही आहारांत फारसा फरक निघाला नाही. फरक पडला तो ज्यानं त्यानं आपला आहार किती नेटानं पाळला, त्यावर. बरेच जण तर मध्येच सोडून गेले होते.

काकूला पुढे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात ती वाट मानवली : घरचं, ओळखीचं, थोड्या थोड्या वेळानं. चारला मूठभर शेंगदाणे-गूळ, संध्याकाळी साडेसातला भाकरी-भाजी. काहीच बंद नाही, म्हणून चोरूनही काही नाही. वजन आईपेक्षा हळू उतरलं, पण ब्लाउज आत घ्यावे लागले.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते. बाकी शेजारणीनं काय केलं ते नंतर विचारा. आधी स्वतःला विचारा : थोडं खाऊन मला थांबता येतं का? नियम लागला की मोकळं वाटतं, की कोंडल्यासारखं होतं?

(दृश्य : संध्याकाळ. गॅलरीत दोन खुर्च्या.)

काकू वाटीत चिवडा घेऊन बसली आहे, वर कांदा, लिंबू पिळलेलं. शेजारी आई, हातात ताकाचा पेला. भिशीचा हिशेब चाललाय.