टेकू

(पहाट. अंधारा जिना. टॉर्चचा उजेड पायऱ्यांवरून वर सरकतो.)

चिंचपोकळी स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं, की लालबागच्या दिशेनं दहा मिनिटांची चाल. तळमजला अधिक तीन. जिना सागवानी आहे. शंभरेक वर्षांच्या पावलांनी प्रत्येक पायरी मधोमध झिजून खोलगट झाली आहे. इथले लोक भिंतीला धरून चढतात. कठड्याला कोणी हात लावत नाही.

(दुसरा मजला. गॅलरी. कॅमेरा एका टेकूवर थांबतो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.)

हे टेकू. आम्ही एका गॅलरीत सात मोजले, सगळ्या इमारतीत एकोणतीस. काही लाकडी, काही लोखंडी. एकाला कॅलेंडर टांगलंय. एकाला वाळत घालायची दोरी बांधलीये. या खोलीच्या दारासमोरच्या टेकूला हळदीकुंकू लागलेलं दिसतंय, तोरणही आहे.

(थोडा वेळ निवेदन नाही. नळाचा आवाज. हंडे भरले जातात.)

मुंबईच्या जुन्या शहरात, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, अशा हजारो इमारती आहेत. सरकारी कागदावर त्यांचं नाव ‘उपकरप्राप्त’. बोलताना लोक नुसतं ‘सेसची बिल्डिंग’ म्हणतात. या शब्दात एक गोष्ट दडलीये आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय या टेकूकडे बघता येणार नाही. उपकर म्हणजे कर. या इमारतीत राहणाऱ्या माणसानं आपल्या घराच्या दुरुस्तीसाठी सरकारकडे वर्षानुवर्षं पैसे भरले आहेत. तो फुकट काही मागत नाहीये.

(पत्र्याची पेटी उघडते. रबरबँडनं बांधलेले भाडेपावत्यांचे गठ्ठे.)

या आजींनी आम्हाला ही पेटी दाखवली. सासऱ्यांच्या वेळच्या पावत्या, मग मिस्टरांच्या, मग मुलाच्या. कागद पिवळा पडलाय, शाई फिकी झालीये, पण प्रत्येक महिना आहे. खोली दहा बाय बाराची. मोरी आत, संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांना मिळून.

आता थोडं मागे जाऊ.

(जुन्या चाळींची दृश्यं. दर्शनी भाग, लाकडी कठडे, नक्षीची झडप.)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसांचे लोंढे येत होते आणि भाडी चढत होती. सरकारनं भाड्यावर नियंत्रण आणलं. पुढे १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्यानं एक तारीख पक्की केली: १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी जे भाडं होतं, तेच प्रमाण भाडं. गिरणीत काम करणाऱ्या, गोदीत हमाली करणाऱ्या, खानावळीवर जेवून गावाला मनिऑर्डर पाठवणाऱ्या माणसाला या एका तारखेनं शहरात टिकवलं. तो कायदा चुकीचा होता असं आम्ही म्हणणार नाही. पण भाडं गोठलं, आणि सिमेंट, साग, मजुरी यांचे भाव गोठले नाहीत. मालकांनी हात आखडता घेतला. रंग गेला, मग गिलावा गेला, मग छपराच्या कौलांतून पाणी वाशांत उतरायला लागलं.

(घरगल्ली. दोन इमारतींमधली हातभर फट. शेवाळलेले पाइप, भिंतीतून फुटलेला पिंपळ.)

ही घरगल्ली. जुन्या मुंबईतली इमारत समोरून बघू नये, इथून बघावी. संडासाचे आणि मोऱ्यांचे सगळे पाइप या बाजूला. पाणी गळतं ते भिंतीत मुरतं, आणि भिंतीत सागाच्या तुळयांची टोकं बसवलेली आहेत. तुळई मधून धडधाकट दिसते. टोकाशी, भिंतीच्या आत, ती कुजून भुसा झालेली असते. आणि पिंपळाचं मूळ विटा सुट्या करत जातं. इमारत पडते ती बहुतेक वेळा मागून.

साठच्या दशकात इमारती पडायला लागल्या. माणसं मेली. बेडेकर समिती नेमली गेली, आणि १९६९ साली कायदा झाला. त्या कायद्यानं शहरातल्या जुन्या, भाड्यानं दिलेल्या खासगी इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला. महापालिकेनं मालमत्ता करासोबत तो गोळा करायचा, राज्य सरकारनं आणि महापालिकेनं आपला वाटा घालायचा, आणि त्या पैशातून एका मंडळानं इमारती दुरुस्त करायच्या, नाहीच झाल्या तर नव्यानं बांधून द्यायच्या. १९७१ मध्ये मंडळ कामाला लागलं. पुढे ते म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात, सामील झालं.

(नकाशा. दक्षिण मुंबईचे वॉर्ड. ठिपके उमटत जातात.)

त्या वेळी अशा इमारती होत्या १९,६४२. त्यांचे तीन वर्ग पाडले. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ वर्गात. तारीख तीच, भाडं गोठल्याची. त्या १६,५०२. १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात, १,४८९. तिथपासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात, १,६५१.

खासगी मालकीच्या इमारती सरकारनं सार्वजनिक पैशातून सांभाळायच्या, ही कल्पना साधी नव्हती. भाडेकरूचा जीव हा मालक आणि भाडेकरू यांच्यातला खासगी मामला नाही, हे राज्यानं त्यात मान्य केलं होतं. आम्हाला ती कल्पना आजही मोठी वाटते.

(मिस्त्री. छताची फळी काढतात. तुळईचं कुजलेलं टोक हातात चुरगळतं.)

आता हे काम बघा. हे मिस्त्री तीस वर्षं अशाच इमारतींत काम करतायत. आधी जॅक लावून वरचा भार उचलायचा. एकदम नाही, केसभर, मग थांबायचं, ऐकायचं. लाकूड आवाज देतं. मग टेकू उभा करायचा, तो ओळंब्यात आहे की नाही बघायचं, खाली लाकडी फळी द्यायची म्हणजे भार एका जागी पडून लादी फुटत नाही. मग पाचर ठोकायची, दोन्ही बाजूंनी, आलटून पालटून. पाचर बसल्यावर तुळईचं कुजलेलं टोक कापायचं आणि तिथं लोखंडी गर्डर सरकवायचा.

(पाचर ठोकल्याचा आवाज. निवेदन नाही. वरच्या खोलीत मूल अभ्यास करतंय.)

वरची बिऱ्हाडं हललेली नाहीत. काम चालू आहे, वर स्टोव्हवर चहा चालू आहे.

मात्र दुरुस्तीला एक मर्यादा आहे. मंडळानं दर चौरस मीटरमागे किती खर्च करायचा याची कमाल रक्कम ठरलेली असते. खर्च त्याच्या वर जात असेल, तर वरचे पैसे रहिवाशांनी भरायचे. भरले नाहीत, तर इमारत दुरुस्तीच्या पलीकडे गेली असं जाहीर होऊ शकतं. रहिवासी पैसे कुठून आणणार? या मजल्यावरच्या सोळा बिऱ्हाडांपैकी अकरा घरांतला कर्ता माणूस गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यानंतर भोंगा वाजलाच नाही.

(गिरणीची चिमणी. तिच्या मागे काचेचा टॉवर. कॅमेरा बराच वेळ स्थिर.)

एकदा, फक्त एकदा, दिल्लीहून थेट पैसा आला. डिसेंबर १९८५. काँग्रेसच्या शताब्दीसाठी पंतप्रधान राजीव गांधी मुंबईत आले होते. त्यांनी मुंबईच्या घरांसाठी १०० कोटी रुपयांचं अनुदान जाहीर केलं. लोकांना आठवतो तो धारावीचा वाटा. पण त्यातला काही भाग या जुन्या इमारतींसाठी होता. पंतप्रधान अनुदान प्रकल्प. त्यातून ६६ इमारती उभ्या राहिल्या.

(सिमेंटची इमारत. भिंतीवर ‘पीएमजीपी’ ही अक्षरं. गळके पाइप, उघडी पडलेली सळई.)

ही त्यांपैकी एक. घरं लहान, दोनशे चौरस फुटांच्या आतबाहेरची. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या जागेवर विकायला एकही फ्लॅट नव्हता. बिल्डरला काही सुटणार नव्हतं. सरकारनं पैसे घातले, जुन्या भाडेकरूंना त्याच गल्लीत घर मिळालं, मुलांची शाळा बदलली नाही. पुढे देखभालीला पैसे ठेवले गेले नाहीत आणि आज या इमारतीही मोडकळीला आल्यात. मंडळानं बांधलेल्या अशा ३८८ इमारतींसाठी विकास नियमावलीत ३३(२४) हे वेगळं कलम घालावं लागलं. तरीही, १९८५ चा तो प्रयोग फसला असं आम्हाला वाटत नाही. तो अर्धवट सोडला गेला.

(रस्ता. एका बाजूला चाळ, दुसऱ्या बाजूला तीस मजले.)

नव्वदच्या दशकात वाट बदलली. सरकार म्हणालं, आम्ही पैसे घालत नाही, आम्ही चटईक्षेत्र देतो, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधायची परवानगी. विकास नियमावलीतलं कलम ३३(७). सुकथनकर समितीनंतर १९९९ मध्ये त्यात आणखी सवलती आल्या. बिल्डरनं भाडेकरूंना फुकट घरं द्यायची आणि वरची घरं विकून खर्च काढायचा. आज किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. पूर्वी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागायची, आता ५१. ज्यांना मिळालं त्यांचं भलं झालं. आम्ही तीही घरं पाहिली, तिथल्या बायका संडासाचं दार आतून लावतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते आम्ही शूट करू शकलो नाही.

पण हे गणित कुठं बसतं? जिथं भूखंड मोठा, रस्ता रुंद, भाडेकरू कमी. ही इमारत बघा. भूखंड चिंचोळा. तीन बाजूंना इमारती. भाडेकरू चौसष्ट. बिल्डर आले, टेप लावून गेले, परत आले नाहीत. जुन्या मुंबईत जिथं दाटी सगळ्यात जास्त आणि माणूस सगळ्यात गरीब, नेमकं तिथंच हे गणित तुटतं. त्या १९,६४२ मधल्या १३ हजारांच्या आसपास इमारती अजून उभ्या आहेत. त्यांच्यापर्यंत चटईक्षेत्र पोचणार नाही. तिथं पैसाच घालावा लागेल, सरकारचा, सरळ.

(कोर्टाच्या इमारतीचा बाहेरून शॉट. मग परत पावत्यांची पेटी.)

भाडेकरूंनी स्वतः इमारत घ्यावी, यासाठीही कायदा झाला होता. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात ‘आठ-अ’ प्रकरण घातलं गेलं. ७० टक्के भाडेकरूंनी सोसायटी करायची, मंडळानं इमारत संपादन करून त्यांना द्यायची, मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला. मालक कोर्टात गेले. उच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. १९९२ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. तीन न्यायाधीश, मग पाच, मग सात, आणि २००२ मध्ये नऊ. नऊ न्यायाधीशांचा निकाल आला ५ नोव्हेंबर २०२४ ला: प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती म्हणता येणार नाही. प्रश्न राज्यघटनेच्या ३९(ब) कलमाच्या अर्थाचा होता; समाजाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी, असं ते कलम सांगतं. बत्तीस वर्षं.

मधल्या काळात म्हाडा कायद्यात ७९-अ हे नवं कलम आलं, राष्ट्रपतींची मंजुरी २०२२ च्या अखेरीस मिळाली. इमारत धोकादायक ठरली, की मालकाला प्रस्तावासाठी सहा महिने, त्यानं काही केलं नाही तर भाडेकरूंना सहा महिने, तेही नाही तर म्हाडा. नोटिसा निघाल्या. मालक पुन्हा हायकोर्टात गेले.

(प्रतीक्षानगर, शीव. संक्रमण शिबिर. जिन्यात खेळणारी मुलं.)

इमारत रिकामी केली की माणसं इथं येतात. संक्रमण शिबिर, ट्रान्झिट. या वसाहतीचं नाव प्रतीक्षानगर. या घरातल्या मुलाचा जन्म इथला, त्याच्या मुलीचा जन्मही इथलाच. जुन्या पत्त्याच्या पावत्या मात्र त्यांनी कपाटात ठेवल्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण बृहतसूचीत, म्हणजे कायमचं घर मिळायच्या यादीत, नाव लागायचं तर पहिला पुरावा तोच. मालवणी, गोरेगाव, मानखुर्द इथल्या शिबिरांत आम्हाला जाता आलं नाही.

(भेंडीबाजार. बांधकामाचे पत्रे. क्रेन.)

३१ ऑगस्ट २०१७ ला सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. ३३ माणसं गेली.

(पाऊस. लालबाग. गॅलरीतून खाली पडणारी धार.)

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. या इमारतीचं नाव यंदाच्या यादीत नाही. म्हणजे कोणी येऊन घर खाली करायला सांगणार नाही, आणि कोणी बांधायलाही येणार नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मिस्त्री परत आले. पावसानं लाकूड फुगतं, म्हणून पाचरी तपासायच्या असतात. त्यांनी प्रत्येक टेकूवर हाताची मूठ आपटून आवाज ऐकला. तिसऱ्या मजल्यावरच्या एकापाशी दोनदा.

(मूठ. लाकडाचा आवाज. परत मूठ.)

आजींनी दोरीवरचे कपडे काढून घेतले, कॅलेंडर उतरवलं, आणि त्यांना जागा करून दिली.

(तिसाव्या टेकूसाठी फळी जमिनीवर ठेवली जाते.)