कोटाचं माप आणि माझं माप

(बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका महिला मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षबाई, मंडळातल्या सगळ्या ताया, मावश्या, अक्का, आणि मागे दाराशी उभे असलेले ते दोन गृहस्थ. बायकोला न्यायला आलात ना? आत या की ओ. विषय तुमच्याही कामाचा आहे. गणपत गल्लीत पिशव्या धरून दुकानाबाहेर तासभर उभं कोण असतं? तुम्हीच.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘नोकरदार स्त्री आणि पेहराव’. मी फोनवर सांगितला होता तो ‘जाड बाईला कामावर घालायला धड कपडा का मिळत नाही’. अध्यक्षबाई म्हणाल्या, पत्रिकेवर ‘जाड’ कसं छापायचं ओ? बरोबर आहे त्यांचं. या अंगाला आपल्याकडे सरळ शब्दच नाही. दुकानदार म्हणतो ‘हेल्दी’. बघायला आलेले म्हणतात ‘अंगानं भरलेली’. सासरी ‘खात्यापित्या घरची’. माझी कानडी शेजारीण ‘दप्प’ म्हणते, आणि मला तोच शब्द त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो, कारण तिची भाकरी जाड झाली तरी ती दप्पच म्हणते. इंग्रजीत प्लस साइज. म्हणजे बाकीच्या बायका मूळ रक्कम आणि आम्ही वरचा जीएसटी!

तर मी सत्तावीस वर्षं वकिली करते. छाती ४८, कंबर ४४, सीट ५२. लाजायचं काय त्यात, दर दोन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या शिंपी मास्तरांच्या वहीत हे आकडे लिहिले जातातच. कमरेची हद्द कुठे संपते आणि सीटची कुठे सुरू होते, यावर सीमाप्रश्नासारखा महाजन आयोग नेमला तरी निकाल लागायचा नाही. (हशा) बघा, बेळगावात हा विनोद कधी वाया जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, साडी नेसा. साडीला कुठे साइज असते? नेसते की. पण साडी साडेपाच मीटरची, आणि ती सगळ्यांना साडेपाच मीटरचीच. शेजारच्या बारीक सुनेला सात निऱ्या येतात, माझ्या चारवर आटपतात, आणि पदर खांद्यावरून मागे जाऊन कमरेपाशीच थकतो. आजी नेसायची नऊवारी. त्यात माणूस मावायचा. शिवाय तिच्या साडीखाली ब्लाउजपीस नावाचं ऐंशी सेंटीमीटरचं संकट नव्हतं. साडीला जोडून येतं ते ऐंशी सेंटीमीटर. मला कोपरापर्यंत बाही हवी, कारण कोर्ट आहे. मास्तर म्हणतात, ताई, एकतर पाठ घ्या नाहीतर बाही घ्या.

ओटीतल्या खणांचं तर बोलूच नका. गुळेदगुड्डचा खण काय सुंदर असतो, पण त्याचा पन्हा किती अरुंद! कपाटात दोन पिशव्या भरून खण आहेत, एकाचाही ब्लाउज होत नाही. ओटी भरणारी बाई माप घेऊन ओटी भरत नाही. मी त्यांचे पडदे केलेत. आमच्या घराला खिडक्या तेवढ्या सौभाग्यवती आहेत.

असो. कोटाकडे येते.

वकिलाचा वेश बार कौन्सिलच्या नियमात लिहिलेला आहे. बायकांसाठी काळं, पूर्ण बाह्यांचं जाकीट किंवा ब्लाउज, पांढरी कॉलर, पांढरे बँड. साडी किंवा सलवार-कुर्ता चालतो. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत काळ्या कोटाची सक्ती नाही, हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात मात्र आहे. म्हणजे धारवाडच्या खंडपीठापुढे एप्रिलमध्येसुद्धा कोट हवा. नियमात रंग आहे, बाही आहे, कॉलर आहे. हे सगळं ४८ छातीच्या बाईला मिळणार कुठे, ते मात्र लिहिलेलं नाही.

सनद मिळाली तेव्हा सिनिअर म्हणाले, सोमवारपासून कोट घालून ये. शनिवारी दुपारी आई आणि मी खडेबाजारात. पहिल्या दुकानात लेडीज कोट ३८ पर्यंत. दुसऱ्यात ४० पर्यंत, पण तो ४० आहे हे त्यालाच माहीत नसावं, एवढा तो लहान. तिसऱ्या दुकानातल्या पोरानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, टेप लावायची तसदी घेतली नाही, आणि मोठ्यानं हाक मारली, “लेडीजमध्ये एवढं येत नाही, मॅडमना जेंट्समध्ये दाखव रे!” गल्लीपर्यंत ऐकू गेलं. आई तोपर्यंत काउंटरवरच्या टायांकडे बघत बसली होती, तिला टायांत एवढा रस मी पुन्हा कधी पाहिला नाही.

शेवटी पुरुषांचा ५० नंबरचा कोट घेतला. खांदा अर्ध्या दंडापर्यंत उतरलेला. बाह्या बोटांच्या खाली. आणि गंमत म्हणजे एवढा ऐसपैस असून सीटवर बटण लागेना, कारण पुरुषाचा कोट खाली सरळ उतरतो आणि मी सरळ उतरत नाही. दुकानदार म्हणाला, “उघडाच घाला की मॅडम, बटण कोण लावतंय?” रात्री आईनं बाह्या आत दुमडून टाके घातले. एक बाही पाव इंच वर राहिली. अजून मला त्या फोटोत तीच दिसते.

(मध्येच एक सांगते. पुण्याची एक पाहुणी मला म्हणाली, तुमच्याकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असं पुरुषासारखं का बोलतात? म्हटलं, पुरुषाचं क्रियापद आम्हाला छान बसतं. त्याचा कोट तेवढा बसत नाही.)

सोमवार. कोणतं कोर्ट ते सांगत नाही, अजून तिथं उभं राहायचं आहे. साधा मुदतीचा अर्ज होता. न्यायाधीशांनी एक कागद मागितला. मी तो वर करून पुढे दिला आणि बगलेत टर्रर्र! तुम्ही हसताय, पण तिथं कोणी हसलं नाही, तेच भयंकर होतं. समोरचे वकील वयानं मोठे, सज्जन गृहस्थ. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, “मॅडम, कोपर खाली ठेवा.” मी कोपर बरगडीला चिकटवून, एका हातानं फाइल चाळत, खेळण्यातल्या बाहुलीसारखा युक्तिवाद केला. मग तारीख मागितली. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, कागदपत्रं अपुरी आहेत. अपुरं कापड होतं.

बरं, मला सांगा, सगळीकडून ढगळ असलेला कोट बगलेतच का फाटावा? मी कित्येक वर्षं समजत होते की माझे दंडच जाड. त्या कोटाला कधी दोष दिलाच नाही. मग शहापुरात एक म्हातारे मास्तर भेटले. त्यांनी कोट हातात घेतला, उलटा केला आणि मुंढ्यावर, म्हणजे बाही जोडतात त्या गोलावर, बोट ठेवलं. “ताई, मुंढा बघा कुठे गेलाय. खाली, पार बरगडीत. हात उचलला की बाही हलत नाही, अख्खा कोट वर ओढला जातो.” मला वाटायचं, जाड दंडाला खोल मुंढा हवा. उलटं आहे! मुंढा बगलेजवळ, वर हवा आणि बाही वर रुंद हवी. त्यांनी उसवलेल्या कापडातून एक चौकोनी तुकडा काढून बगलेत बसवला. म्हणाले, जुन्या अंगरख्याला हेच असायचं, चौबगला म्हणायचे. तो कोट पुढे सहा वर्षं टिकला. म्हणजे अंगरख्याच्या काळातल्या शिंप्याला जे ठाऊक होतं ते आजच्या रेडीमेडवाल्याला...

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं.’ अहो, मुख्य विषय तर अजून सुरूही झालेला नाही! बरं, भराभर सांगते.

माझं म्हणणं एवढंच आहे की चूक अंगाची नाही, वाढवण्याच्या रीतीची आहे. कारखाना एका मध्यम मापाच्या बाईवर नमुना बसवतो, मग प्रत्येक साइजला सगळीकडून ठराविक इंच वाढवत जातो. याला ग्रेडिंग म्हणतात. दोन-तीन साइजपर्यंत खपून जातं. पुढे बिघडतं, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याच्या खांद्याचं हाड रुंद होत नाही. चार माणसांची आमटी चाळीसांना करताना तुम्ही मीठ-तिखट सरळ दहापट टाकता का? हात आखडून, चाखत चाखत घालता ना? हे लोक दहापट टाकतात. म्हणून मोठ्या साइजचा गळा घसरतो, खांदा उतरतो आणि छातीवर बटणांमध्ये तेवढी खिडकी उघडते.

आणि ही मापं आली कुठून? अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली, प्रत्येकीची ५९ ठिकाणी. गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं हिशेबात धरली नाहीत. त्यावर १९५८ मध्ये प्रमाण साइज ठरल्या आणि १९८३ मध्ये तेही प्रमाण मागे घेतलं गेलं. तेव्हापासून ज्याची त्याची साइज. त्याच्या कितीतरी आधी, १९०४ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये लीना ब्रायंट नावाच्या, लिथुएनियातून आलेल्या विधवा बाईनं शिलाई मशीनवर दुकान काढलं. बँकेच्या कागदावर नाव चुकलं, लीनाचं लेन झालं आणि दुकानाला तेच चिकटलं. या बाईनं पुढे आपल्या गिऱ्हाईक बायकांचीच मापं घेतली, आणि जाड बायकाही एकसारख्या जाड नसतात हे ओळखलं. एकीचा घेर वर, एकीचा खाली. यावर खूप बोलायचं होतं, राहू दे.

आपल्याकडे वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेनं थ्रीडी स्कॅनरवर २५ हजारांहून जास्त लोकांची मापं घेतली, सहा शहरांत. त्यात बेंगळुरू आहे. बेळगाव नाही. आपल्याला याची सवय आहे.

आता कामाचं. मास्तरांकडे जाताना, ऑफिसला जे आतून घालता तेच घालून जा, नाहीतर माप दुसऱ्याच बाईचं येतं. फक्त छाती-कंबर देऊन परत येऊ नका. दंडाचा घेर, पाठीची रुंदी, खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतची उंची मोजायला लावा. टक्स, म्हणजे छातीपाशी शिवलेली चिमटी, त्या टोकाकडे जायला हवा, मास्तरांच्या सवयीकडे नाही. साध्या टक्सपेक्षा प्रिन्सेस कट, म्हणजे छातीवरून खाली उतरणारी लांब उभी शिवण, जास्त ऐकतो. शर्टाच्या दोन बटणांमध्ये, बरोबर छातीच्या रेषेवर, आतून एक टिच बटण लावून घ्या. कुर्त्याचा साइड कट सीटच्या वर सुरू झाला पाहिजे, नाहीतर बसलं की पोटावर घडी येते. शिलाईत आत इंचभर कापड सोडायला सांगा. आणि रेडीमेड घेताना अंगाच्या सगळ्यात मोठ्या जागेच्या मापानं घ्या, बाकी आत घेता येतं. कमी पडलेलं कापड कुणी वाढवून देत नाही. पण खांदा आणि मुंढा आधी बघा, कारण खांदा दुरुस्त करणं म्हणजे कोट नव्यानं शिवणं. मास्तर म्हणतील, ‘स्वल्प अॅडजस्ट माडरी,’ म्हणजे जरा सांभाळून घ्या. ते ऐकू नका. मराठी मास्तरही हे वाक्य कानडीतूनच म्हणतात, तेव्हा जास्त सावध!

रंगाचं, काठाचं, काळा रंग बारीक दाखवतो या थापेचं राहिलंच. सत्तावीस वर्षं काळाच घालते, दाखवला का त्यानं?

आणि खिसा. बायकांच्या कोटाला खिशाची नुसती पट्टी शिवतात, आत काही नसतं. खिसा मागून घ्या.

दुसरी चिठ्ठी आली, आणि चहाही आलाय. तिसऱ्या रांगेतल्या ताई मघापासून बगलेकडे बघताहेत, म्हणून एकच करते. हा अंगावरचा कोट काढून देते, पहिल्या रांगेपासून मागेपर्यंत फिरवा. बाहेरून बघू नका, उलटा करून बघा: मुंढा, टक्स, आत सोडलेलं कापड. थांबा, खिशातला वकालतनामा काढून घेते. आणि कोट परत मात्र द्या, सोमवारी तारीख आहे.