कायद्यात बसतंय, मग अडचण काय?

(व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय: 'कायदेशीर करबचत आणि कंपन्यांची नीती'. मार्च महिना आहे, त्यामुळे काही मंडळी नीतीपेक्षा बचतीसाठी आलेली दिसतात. त्यांनी नंतर चहाला भेटावं, फी घेणार नाही.

आमच्या धंद्यात एक वाक्य सतत ऐकू येतं: "साहेब, कायद्यात बसतंय ना? मग झालं." या वाक्याचं कूळ शोधत गेलात तर इंग्लंडातल्या एका बागेत पोचाल. वेस्टमिन्स्टरचे ड्यूक म्हणजे लंडनच्या मेफेअर, बेलग्रेव्हियाचे जमीनमालक. घरच्या माळ्याचा पगार कर मोजताना तुमच्या उत्पन्नातून वजा होत नाही, तसा त्यांच्याही होत नव्हता. पण करारपत्राने बांधून घेतलेली वार्षिक रक्कम वजा व्हायची. मग काय, माळ्याला करारपत्र गेलं: तुझ्या आजवरच्या सेवेबद्दल सात वर्षं अमुक रक्कम देऊ, कामाचा पगार तू वेगळा मागू शकतोस. आणि सोबत एक सभ्य पत्र: हक्क तुझा आहेच, पण या रकमेत भर घालून नेहमीचा पगार पुरा होईल, तेवढ्यावर तू समाधान मानशील अशी आमची अपेक्षा आहे.

अपेक्षा! माळी काय बोलणार? (हशा) गुलाब तेच, पाणी तेच, पगार तोच. फक्त ड्यूकसाहेबांचा कर घटला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९३५ साली ड्यूक जिंकले. न्यायाधीश लॉर्ड टॉमलिन म्हणाले, कर कमी बसेल अशा रीतीने व्यवहार लावण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. लॉर्ड अॅटकिन यांचं मत विरुद्ध पडलं, पण ते कोणी भिंतीवर लावत नाही. आणि एक लक्षात घ्या, या सगळ्या निकालात माळ्याला काय वाटलं, हा प्रश्न कुठेच येत नाही. माझा राग तिथे आहे. पगारदाराचा कर हातात पैसे पडण्याआधीच कापला जातो. त्याला व्यवहार 'लावायला' जागाच नाही. इथे बसलेल्या बँकवाल्यांना, शिक्षकांना विचारा.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयात न्या. चिन्नप्पा रेड्डींनी १९८५ साली मॅकडॉवेल या मद्यकंपनीच्या निकालात टॉमलिनसाहेबांच्या या तत्त्वाला मूठमाती दिली. २००३ साली मॉरिशसमार्गे येणाऱ्या गुंतवणुकीवरच्या कराच्या प्रकरणात ते पुन्हा उठून बसलं. असो.

हच मोबाइल आठवतं? ते पग कुत्रं? आठवणारच, कंपनी कुणाची होती ते मात्र कुणालाच आठवत नाही. २००७ मध्ये व्होडाफोनने हाँगकाँगच्या हचिसनकडून त्या धंद्यातला ६७ टक्के हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतला. फोन मुंबईत वाजत होते, विकला गेला करमुक्त केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर, इथल्या धंद्याची मालकी तिच्यामार्फत होती. एकच शेअर! आयकर खातं म्हणालं, विकणाऱ्याला पैसे देताना कर का कापला नाहीत? मुंबई उच्च न्यायालय २०१० मध्ये खात्याच्या बाजूने, सर्वोच्च न्यायालय जानेवारी २०१२ मध्ये कंपनीच्या बाजूने. दोन महिन्यांत प्रणव मुखर्जींनी अर्थसंकल्पात कायदाच बदलला, तोही मागे जाऊन १९६२ पासून! हे सरकारचं वागणंही नीतीचं नव्हतं, हे स्पष्ट सांगतो. नफा हचिसनचा, नोटीस व्होडाफोनला. २०२० मध्ये हेगच्या लवादात सरकार हरलं, २०२१ मध्ये त्या दुरुस्तीचा मागे जाऊन लागू होणारा भाग काढून घेतला.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता सुरू होतोय. (हशा)

तर भरभर सांगतो. तुम्ही पीपीएफमध्ये पैसे टाकता, कारण सरकारच म्हणतं, टाका आणि सवलत घ्या. केमनच्या शेअरला कोणी बोलावलं नव्हतं. एखादी रचना करापलीकडे काही कामच करत नसेल, तर ती कायद्यात बसली तरी सवलत नव्हे. २०१७ पासून आपल्याकडे 'गार' (GAAR), म्हणजे कर टाळण्याच्या रचनांविरुद्धचे सर्वसाधारण नियम आले, ते हाच प्रश्न विचारतात, पण करलाभ तीन कोटींच्या वर असेल तरच.

कंपन्या म्हणतात, दोष कायद्याचा, तो नीट लिहा. पण अर्थसंकल्पाआधी अर्थमंत्रालयात निवेदनं घेऊन कोण जातं? माळी जातो का? कायदा कसा लिहावा हे सांगायला जायचं आणि नंतर लिहिणाऱ्याकडे बोट दाखवायचं, हे मला मान्य नाही.

आणखी एक म्हणणं, भागधारकांसाठी कर कमीत कमी ठेवणं हे संचालकांचं कर्तव्यच आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १६६ वाचा. भागधारकांबरोबर कर्मचारी, समाज, पर्यावरण हे सगळे तिथे आहेत.

शेवटचं. अध्यक्ष घड्याळ बघतायत. ज्यांची एकत्रित उलाढाल ६,४०० कोटींच्या वर आहे, असे बहुराष्ट्रीय समूह कुठल्या देशात किती माणसं, किती नफा, किती कर, याचा तक्ता कर खात्याला देतात. तो गोपनीय असतो. माझी मागणी एवढीच, की तोच तक्ता वार्षिक अहवालात छापा. प्रतिस्पर्ध्यांना गुपितं कळतील म्हणे. अहो, सगळ्यांनीच छापलं तर गुपित कुणाचं? मग एखाद्या बेटावर माणसं शून्य आणि नफा शेकडो कोटी, असं कसं, हे साधा भागधारकही सभेत उभं राहून विचारेल. आज विचारायला त्याच्या हातात कागदच नाही.