टॉवेलचं वजन आणि चार क्रेडिट

बारावीतल्या पोरानं कॉलेजच्या लेव्हलचं काही शिकलं तर ते मोजायचं कुणी? सोलापुरात हा प्रश्न आता विचारायलाच पाहिजे, कारण शिकवणारे इथं आहेत आणि शिकायला पोरं पण बसलेली आहेत.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ज्युनिअर कॉलेजात एक मॅडम गणित शिकवतात. बारावी सायन्सचं बोर्डाचं गणित बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशनपाशी येऊन थांबतं, मॅडम रविवारी दोन तास त्याच्या पुढचं घेतात, सॅम्पलिंग, हायपोथिसिस टेस्टिंग, म्हणजे जे बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स घेतलेल्यांना असतं. त्यांच्या फळ्यावर आकड्यांचे दोन रकाने लिहिलेत. एका पोराच्या घरी यंत्रमाग आहेत, त्यानं दोन मागांवरचे एकाच साईजचे टॉवेल काट्यावर ठेवून वजनं लिहून आणलीत. एका मागाचा टॉवेल सरासरी आठ ग्रॅम जास्त भरतोय. आता हा फरक खरंच मागाचा आहे का हाताला लागले तेच टॉवेल जड होते, हे पोरं टी-टेस्ट लावून बघतायत, आणि जास्तीचं सूत कुठं जातंय हे त्या पोराच्या वडलांनाही पाहिजेच आहे.

मागच्या बाकावरनं प्रश्न आला, "मॅडम, ह्याचे मार्क कुठं धरतेत का ओ?"

"अजून कुठंच नाही रे," मॅडम म्हणाल्या आणि पुढचं उदाहरण घेतलं.

अमेरिकेत हायस्कूलमध्ये असे कोर्स १९५० च्या दशकापासून चालतात. एपी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, कॉलेज बोर्ड नावाची संस्था ते चालवते, मे महिन्यात परीक्षा होते, १ ते ५ मध्ये स्कोअर मिळतो, आणि किती स्कोअरला क्रेडिट, म्हणजे कॉलेजच्या डिग्रीत धरलं जाणारं अभ्यासाचं माप, द्यायचं ते ज्याचं त्याचं कॉलेज ठरवतं. स्टॅटिस्टिक्स त्यात १९९७ ला आलं. पण कुठल्याही शाळेनं उठावं आणि आपल्या वर्गाला एपी म्हणावं असं चालत नाही, २००७-०८ पासून त्याला कोर्स ऑडिट आहे. शिक्षकानं त्या विषयाचा फॉर्म भरायचा, शाळेच्या प्रमुखांनी संमती द्यायची, आणि कुठल्या युनिटला काय आणि कसं शिकवणार हे सिलॅबसमधून दाखवायचं. स्वतःचा लिहायला जमत नसेल तर तयार नमुना घ्या, नाहीतर सहकाऱ्याचा आधीच मंजूर झालेला वापरा. मंजूर झालं की कोर्स जाहीर यादीत येतो आणि ॲडमिशन देणारं कॉलेज ती यादी बघू शकतं.

दुसरी पद्धत मला आपल्यासाठी जास्त जवळची वाटते. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठानं १९७२ च्या सुमाराला आसपासच्या हायस्कूलांबरोबर सुरू केली. तिथं विद्यापीठ शाळेतल्याच शिक्षकाची पात्रता तपासतं, त्याला ट्रेनिंग देतं, कोर्स कॅम्पसवरचाच असतो, प्राध्यापक अधनंमधनं वर्गात येऊन बसतात, आणि पोराला थेट विद्यापीठाचं क्रेडिट मिळतं.

आपल्याकडं मान्यता म्हटलं की काय डोळ्यासमोर येतं? तुकडी, वर्गखोल्या, लॅब, संचमान्यता, यूडायस, बोर्डाचा इंडेक्स नंबर, शिक्षणाधिकारी ऑफिसला फाईल. ते लागतंच, गळक्या खोलीत पोरं बसवायची नाहीत. पण एवढ्या सगळ्या कागदात मॅडम रविवारी काय शिकवतात ह्याला एक ओळ पण नाही. खोलीची मान्यता आहे, शिकवण्याची नाही, आणि मला हे मनापासून खटकतं.

आणि चौकट नाही असंही नाही हो. २०२३ ला नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क आलं, त्यात शाळेतल्या शिक्षणाला पण क्रेडिट धरलंय. ३० तासांचं एक क्रेडिट, आणि तास म्हणजे नुसतं लेक्चर नाही, प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट, घरी केलेला अभ्यास पण त्यात येतो. त्यात शिक्षणाच्या पायऱ्यांना लेव्हल दिल्यात, बारावी लेव्हल ४ ला, डिग्रीचं पहिलं वर्ष ४.५ ला. चार क्रेडिटचे १२० तास होतात, मॅडमच्या वर्गाचे वर्षभराचे रविवार आणि टॉवेलचं वजन करण्यात गेलेल्या संध्याकाळी धरल्या तर तेवढे तास सहज भरतात.

केगावचं आपलं सोलापूर विद्यापीठ २००४ ला निघालं तेच एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, कुठल्याही शाळेत प्राध्यापक सकाळी जाऊन वर्ग बघून संध्याकाळी घरी येऊ शकतात, एवढ्या आटोपशीर भागात हे जमणार नाही तर कुठं जमणार? म्हणून मागणी अशी आहे की मॅडमसारख्या शिक्षकांचा सिलॅबस विद्यापीठाच्या त्या विषयाच्या अभ्यास मंडळानं वाचावा, दुरुस्त्या सांगाव्यात, पेपर बीएस्सीच्याच तोलाचा काढावा, आणि विद्या परिषदेनं मंजुरी दिली की पास झालेल्या पोराच्या नावावर क्रेडिट जमा व्हावं. फी मात्र पोरांवर टाकू नये, यंत्रमागावर राबणाऱ्या घरातनं आलेल्या पोराला हजार-दोन हजार पण जड जातात.

मॅडमनी सिलॅबस लिहून ठेवलाय. अकरा पानं आहेत, युनिटवार तास टाकलेत, आणि प्रॅक्टिकलच्या यादीत पहिलं टॉवेलचंच आहे.